ठरलेले घर हातातून गेले तर...



गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी जपमाळेनंतर एक जोडपे माझ्या भेटीला आले. (त्यांच्या परवानगीने मी हे लिहीत आहे, त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दोघे आपल्या चंदनसारमध्येच भाड्याने राहतात. दर अकरा महिन्यांनी करार संपतो, भाडे वाढते, कधी सामान उचलावे लागते. मुलीने आतापर्यंत तीन घरे बदलली. अखेर त्यांनी एक जुना वन-बीएचके फ्लॅट पाहिला. भाव ठरला, चहा झाला, एक्कावन्न हजार रुपये टोकन दिले गेले. एका साध्या कागदावर चार ओळी लिहून दोघांनी सह्या केल्या. त्यांनी बँकेकडे कर्जाचा अर्ज केला, त्याची फी भरली. बाईंनी आपल्या बांगड्या मोडल्या. मुलीने अभ्यासाचे टेबल कुठे ठेवायचे ते ठरवले. आईने येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीसाठी भिंतीवरची जागासुद्धा हेरून ठेवली.

सहा आठवड्यांनी विक्रेत्याचा फोन आला : "आम्ही विकायचे रद्द केले आहे. तुमचे टोकन घेऊन जा." पुढे चार दिवसांनी त्यांना कळले की विकायचे रद्द झालेच नव्हते. दुसऱ्या कोणी चार लाख रुपये जास्त देऊ केले होते. या गोष्टीतील सर्वांत अवघड भाग असा की, तो विक्रेताही आपल्याच मंदिरात रविवारच्या मिस्साला येतो.

मी त्या वेळी जे बोललो त्याची मला आज खंत वाटते. मी म्हणालो, "देवाची इच्छा! याहून चांगले घर त्याने तुमच्यासाठी ठेवले असेल." त्या बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग शांतपणे म्हणाल्या, "फादर, ही देवाची इच्छा नव्हती. ही माणसाची इच्छा होती."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. ख्रिस्तसभेची शिकवण मी सेमिनरीत शिकलो होतो. त्यांनी ती मला पुन्हा आठवून दिली. देव वाईट गोष्ट इच्छीत नाही. तो माणसाला स्वातंत्र्य देतो आणि त्या स्वातंत्र्याचा गैरवापर घडू देतो. घडू देणे आणि घडवून आणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणी शब्द मोडला तर त्याचे खापर देवाच्या डोक्यावर फोडू नये. देव त्या मोडलेल्या गोष्टीतूनही काही चांगले उभे करू शकतो, ही आपली श्रद्धा आहे. पण म्हणून मोडणे चांगले ठरत नाही.

आपल्या भागात घर घेणे-विकणे रोजचे झाले आहे आणि असे प्रसंग अनेक कुटुंबांवर येतात. म्हणून आज या विषयावर थोडा अभ्यास करू या.

१. हे दुःख खरे आहे

"घरच गेले, माणूस तर गेले नाही ना?" असे आपण सहज म्हणतो. त्यामागे सांत्वनाचा हेतू असतो; परंतु ऐकणाऱ्याला वाटते की आपल्याला रडण्याचाही हक्क नाही. वास्तविक ठरलेला व्यवहार मोडतो तेव्हा तीन गोष्टी एकदम जातात. पहिली, पैसा आणि वेळ : बँकेची फी, वकिलाची फी, मोडलेले दागिने, मोडलेली ठेव. दुसरी, आपण मनाने ज्या घरात राहायला गेलेलो असतो ते घर. तिसरी आणि सर्वांत खोल, माणसावरचा विश्वास. पैसा पुन्हा जमतो, दुसरे घर मिळते. पण "यापुढे कोणाच्या शब्दावर विसंबायचे नाही" अशी गाठ मनात बसली की ती सुटत नाही.

म्हणून पहिले पाऊल हे की दुःखाला दुःख म्हणावे आणि ते देवासमोर मांडावे. स्तोत्रकर्ता देवाशी किती मोकळेपणाने बोलतो ते पाहा. पंचावन्नाव्या स्तोत्रात तो म्हणतो की शत्रूने निंदा केली असती तर सहन केली असती. परंतु ज्याच्याबरोबर आपण देवाच्या मंदिरात चालत गेलो, त्या सोबत्यानेच दगा दिला. आपल्या या जोडप्याचीही हीच व्यथा होती. अशी प्रार्थना पवित्र शास्त्रात आहे, याचा अर्थ ती करण्याची आपल्याला मुभा आहे.

२. पवित्र शास्त्रातील खरेदी-विक्री

काही जणांना वाटते की घर-जमीन, पैसा, करार या संसारी गोष्टी; त्यांचा धर्माशी काय संबंध? पवित्र शास्त्र तसे मानत नाही.

उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात साराच्या मृत्यूनंतर अब्राहाम तिच्या दफनासाठी जागा शोधतो. हित्ती लोकांचा एफ्रोन आधी म्हणतो, "फुकट घ्या." पण अब्राहाम पूर्ण किंमत मोजायचा आग्रह धरतो. नगराच्या वेशीत, सर्वांच्या समक्ष, तो चारशे शेकेल चांदी तोलून देतो. व्यवहारात शेत, त्यातील गुहा आणि शेतातील झाडेसुद्धा मोजली जातात. अब्राहाम तेथे परका होता, आणि परक्याला तोंडी सौजन्यावर विसंबून चालत नाही, हे तो जाणून होता. आपल्यापैकी अनेक कुटुंबे मुंबईच्या चाळीतून, कोकणातून, कर्नाटकातून किंवा गोव्यातून येथे आली आहेत. त्यांनी अब्राहामाचा हा सावधपणा ध्यानात ठेवावा.

यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायात तर आजच्या नोंदणी कार्यालयाची आठवण यावी असे वर्णन आहे. यरुशलेमला शत्रूचा वेढा पडलेला असताना संदेष्टा आपल्या चुलतभावाकडून अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल चांदीला घेतो. खरेदीखत लिहिले जाते, त्यावर साक्षीदारांच्या सह्या होतात, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी ठेवली जाते आणि दोन्ही दीर्घकाळ टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवल्या जातात. देवावर एवढा भरवसा असलेला संदेष्टाही कागद नीट करतो. कागद नीट करणे म्हणजे अविश्वास नव्हे. माणूस दुबळा आहे, हे ओळखून त्याला शब्द पाळायला मदत करणे म्हणजे कागद.

विकणाऱ्याला मागाहून पस्तावा होऊ शकतो, हेही शास्त्राला ठाऊक आहे. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायानुसार तटबंदीच्या नगरातील घर विकणाऱ्याला एक वर्षभर ते सोडवून परत घेता येई. वर्ष उलटले की घर कायमचे घेणाऱ्याचे. म्हणजे पस्ताव्याला वाट दिली, पण त्या वाटेला मुदतही घातली. विकणारा व घेणारा दोघांनाही आपण कुठे उभे आहोत ते कळत असे.

आणि रूथच्या चौथ्या अध्यायातील तो निनावी नातेवाईक! शेत सोडवून घेण्याचा पहिला हक्क त्याचा. तो आधी होकार देतो. परंतु शेताबरोबर रूथची जबाबदारीही येते, हे बवाजाकडून कळताच तो म्हणतो की हे मला झेपणार नाही, माझ्याच वतनाचे नुकसान होईल. तो वडीलधाऱ्यांसमोर, तेथल्या तेथे, पायातील जोडा काढून देऊन मागे सरतो. शास्त्र त्याला दोष देत नाही. तो मागे हटला. पण उघडपणे, खरे कारण सांगून आणि दुसऱ्याचे नुकसान होण्याआधी. यातून आपल्याला एक मोजमाप मिळते. माणूस मागे हटला का, एवढेच पाहायचे नाही. तो केव्हा हटला, कशासाठी हटला आणि खरे बोलून हटला का, हेही पाहायचे.

३. दिलेला शब्द मागे घेणे नेहमीच पाप असते काय?

तेराव्या शतकातील थोर धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिया' या ग्रंथात या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : वचन देताना ते पाळण्याची मनापासून इच्छा असेल तर वचन देणारा खोटे बोलत नाही. पुढे त्याने ते पाळले नाही तर तो अविश्वासूपणे वागतो. मात्र दोन प्रसंगी तो दोषमुक्त ठरू शकतो. एक, ज्या गोष्टीचे वचन दिले ती मुळातच गैर असेल तर. दोन, माणसांची किंवा कामाची परिस्थिती खरोखर बदलली असेल तर. ते संत पौलाचे उदाहरण देतात. करिंथला येतो म्हणून पौलाने सांगितले होते, पण तो जाऊ शकला नाही. लोकांनी त्याच्यावर चंचलपणाचा आरोप केला, तेव्हा करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात त्याने आपली बाजू मोकळेपणाने मांडली.

ही कसोटी आपल्या भागातील व्यवहारांना लावून पाहू.

पहिला प्रकार : विक्रेत्याच्या लक्षात येते की आपल्याला विकण्याचा पूर्ण अधिकारच नाही. वडिलोपार्जित घरात बहिणींचा हिस्सा आहे आणि त्यांची संमती घेतलेली नाही. किंवा जमीन आदिवासी बांधवाची आहे आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार बिगर-आदिवासीला देण्यापूर्वी लागणारी परवानगी नाही. अशा वेळी मागे हटणे हेच कर्तव्य आहे. मात्र घेतलेला पैसा पूर्ण परत केला पाहिजे.

दुसरा प्रकार : परिस्थिती खरोखर बदलली. विक्रेत्याच्या घरात मोठे आजारपण आले, कमावता मुलगा गेला, दुसरीकडे घ्यायचे ठरलेले घर त्याला मिळाले नाही आणि आता घर विकले तर म्हाताऱ्या आईला घेऊन तो रस्त्यावर येईल. येथे घेणाऱ्याने दया दाखवावी. पण विकणाऱ्यानेही दुसऱ्याला झालेला खर्च भरून द्यावा. कारण संकट त्याचे असले तरी नुकसान दुसऱ्याचे झाले आहे.

तिसरा प्रकार : परिस्थिती तीच, माणसे तीच, फक्त कोणी जास्त रक्कम देऊ केली. याला परिस्थिती बदलणे म्हणत नाहीत, मोह म्हणतात. पंधरावे स्तोत्र विचारते की देवाच्या मंडपात कोण राहील, आणि उत्तरात अशा माणसाचे वर्णन येते जो स्वतःचे नुकसान झाले तरी दिलेली शपथ बदलत नाही. प्रभू येशूही डोंगरावरील प्रवचनात शिकवतो की आपले होय हे होय आणि नाही हे नाही असावे (मत्तय ५:३७). ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात सातव्या आज्ञेच्या विवेचनात सांगितले आहे की वचने पाळावीत व करार काटेकोरपणे पूर्ण करावेत, आणि अन्यायाने घेतलेल्या गोष्टीची भरपाई करावी (परिच्छेद २४१० ते २४१२). म्हणजे ही बाब केवळ 'धंद्याची' नाही. ती "चोरी करू नको" या आज्ञेखाली येते.

घेणाऱ्यांनीही आपल्या मनात डोकवावे. वस्तूला नावे ठेवून भाव पाडायचा आणि नंतर फुशारकी मारायची, ही घेणाऱ्याची खोड नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात टिपलेली आहे. "पुढच्या महिन्यात देतो" म्हणत विक्रेत्याला सहा महिने लटकत ठेवणारा घेणारा जेव्हा "त्याने मला फसवले" म्हणतो, तेव्हा त्याची तक्रार अर्धीच खरी असते.

४. हक्क मागावा की सोडून द्यावे?

"फादर, आम्ही ख्रिस्ती आहोत, मग क्षमा करून गप्प बसायचे का?" हा प्रश्न त्या जोडप्यातील पतीने विचारला. माझे उत्तर होते : क्षमा करणे आणि गप्प बसणे एक नव्हे. क्षमा म्हणजे सूड सोडणे. न्याय सोडणे नव्हे. आपले कष्टाचे पैसे मागणे हा सूड नाही.

त्यासाठी प्रभूने मत्तयच्या अठराव्या अध्यायात पायऱ्याच घालून दिल्या आहेत. आधी एकट्याने जाऊन त्याच्याशी बोलावे. ऐकले नाही तर एक-दोन साक्षीदार घेऊन जावे. तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांगावे. आपण बहुधा उलटे करतो : आधी सगळ्या बिल्डिंगला सांगतो, मग नातेवाइकांच्या ग्रुपवर मोबाईलवरून लिहितो आणि त्या माणसाशी मात्र बोलतच नाही.

संत पौल करिंथकरांस पहिल्या पत्रात (अध्याय ६) श्रद्धावंतांनी एकमेकांना कोर्टात खेचावे याबद्दल खेद व्यक्त करतो आणि विचारतो की तुमच्यात निवाडा करण्याएवढा शहाणा एकही नाही काय? याचा अर्थ न्यायालयात जाणे पाप आहे असा नव्हे. पौलाने स्वतः कैसराकडे दाद मागितली होती (प्रेषितांची कृत्ये २५). याचा अर्थ असा की न्यायालय ही शेवटची पायरी असावी. आपल्या धर्मग्रामात अनुभवी, निःपक्षपाती माणसे आहेत. त्यांच्या मध्यस्थीचा लाभ घ्यावा.

५. कायदा काय म्हणतो?

मी वकील नाही. सल्ला वकिलाचाच घ्यावा. तरी काही मूलभूत गोष्टी प्रत्येक कुटुंबाला माहीत असाव्यात.

(अ) विसारपावती किंवा साठेखत झाले म्हणजे घर आपले झाले असे नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ नुसार विक्रीच्या करारामुळे मालकी मिळत नाही. मालकी नोंदणीकृत खरेदीखताने मिळते. पण करार झाल्यावर तो पुरा करून मागण्याचा हक्क मिळतो. शिवाय त्याच कायद्याच्या कलम ५५ नुसार घेणाऱ्याने रीतसर दिलेल्या रकमेचा बोजा विक्रेत्याच्या त्या मालमत्तेतील हिश्श्यावर राहतो. मात्र घेणाराच विनाकारण मागे हटला असेल तर ही गोष्ट लागू होत नाही.

(आ) करार पुरा करून मिळण्यासाठी विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ खाली दावा करता येतो. २०१८ मध्ये या कायद्यात बदल झाला. पूर्वी असा हुकूम देणे हे बरेचसे न्यायालयाच्या मर्जीवर असे. आता कायद्यातील अटी पूर्ण झाल्या तर न्यायालयाने तो द्यायचा आहे. पण घेणाऱ्याला हे सिद्ध करावे लागते की आपण पैसे देऊन व्यवहार पुरा करायला सतत तयार होतो. म्हणून बँकेचे मंजुरीपत्र, खात्याचे उतारे, पाठवलेले संदेश, सगळे जपून ठेवावे.

(इ) मुदत तीन वर्षांची. करारात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून. नसेल तर विक्रेत्याने नकार दिल्याचे कळले तेव्हापासून. "बघू, बघू" करीत बसू नये.

(ई) नवीन बांधकामात बिल्डरकडून घर घेत असाल तर रेराचा कायदा (२०१६) लागू होतो. महाराष्ट्रात महारेराचे काम २०१७ पासून सुरू आहे. या कायद्याखालील प्रकल्पात नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. जुने घर एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीने घेताना मात्र हा कायदा मदतीला येत नाही. तेथे कराराचा कागदच आपला रक्षक.

(उ) रोख रक्कम. येथे मी धर्मगुरू म्हणून थोडे कठोर बोलतो. "एवढे व्हाइट, एवढे ब्लॅक" असा व्यवहार करणारा माणूस स्वतःच्या हाताने आपले संरक्षण काढून टाकतो. ज्या रकमेची पावती नाही ती परत कशी मागणार? घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक आगाऊ रक्कम रोखीने घेणे आयकर कायद्याने २०१५ पासून निषिद्ध आहे. आपणच खोटेपणात भागीदार झालो तर समोरच्याच्या खोटेपणाविरुद्ध बोलायला तोंड राहत नाही.

(ऊ) ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली मोफत कायदेशीर मदतीची सोय आहे. स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना ती उत्पन्नाची अट न पाहता मिळू शकते. त्यासाठी वसईच्या न्यायालयात चौकशी करावी.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचाच आहे असे नाही. इंग्लंडमध्ये सह्या केलेल्या करारांची देवाणघेवाण होईपर्यंत विक्रेता कायद्याने मोकळा असतो. जास्त पैसे देणारा आला म्हणून आधीच्याला सोडून देण्याचा प्रकार तेथे इतका परिचित आहे की त्याला 'गझम्पिंग' असा खास शब्द आहे. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये मात्र दोन्ही वकिलांमधील पत्रव्यवहार पुरा झाला की दोन्ही बाजू बांधल्या जातात. मोह सगळीकडे सारखाच. फरक पडतो तो शब्द लवकर पक्का करण्याच्या रीतीने.

६. मन आणि घर कसे सावरावे?

काही साध्या सूचना देतो.

पहिली : एकमेकांना दोष देऊ नका. "तूच म्हणालास साधा कागद पुरे," "तुलाच घाई होती," असे वाद सुरू झाले की गेलेल्या घराबरोबर असलेले घरही मोडू लागते. फिरला तो विक्रेता. नवरा-बायको एका बाजूला आहेत.

दुसरी : मुलांना खरे सांगा. "तिथे भुते होती" असल्या गोष्टी रचू नका. "त्या काकांनी शब्द पाळला नाही, आम्हालाही वाईट वाटले, आपण पुन्हा शोधू" एवढे पुरे. शब्दाची किंमत काय असते, हे मूल अशाच वेळी शिकते.

तिसरी : टोकन परत घेताना भांडणाच्या भरात कशावरही सही करू नका. 'पूर्ण हिशोब मिळाला, काही मागणे नाही' असे लिहिलेल्या कागदावर सही केली की मग झालेला खर्च मागणे अवघड होते. आधी मागणी लेखी कळवा.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची : रागाच्या किंवा निराशेच्या भरात दुसरे घर घेऊ नका. "आता मिळेल ते घेऊ" या मनःस्थितीत माणूस कागद पाहत नाही. आपल्या परिसरात याची किंमत किती मोठी असते ते आपण पाहिले आहे. २०२४-२५ मध्ये नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरी परिसरातील ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडल्या गेल्या आणि पै-पै जमवून घर घेतलेली कुटुंबे उघड्यावर आली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विरार पूर्वेच्या विजयनगरमधील रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जणांचा बळी गेला. त्या वेळी तेथील कुटुंबांना आपल्या चंदनसारच्या समाजमंदिरातच तात्पुरता आसरा दिला गेला होता. म्हणून बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, सातबारा, इंडेक्स टू आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट पाहिल्याशिवाय पुढचे टोकन देऊ नका. हुकलेल्या घराचे दुःख मोठे असते. पण वाळूवर बांधलेले घर मिळणे त्याहून मोठे संकट असते.

पाचवी : पुढच्या वेळी टोकन थोडे, मुदत छोटी आणि कागद पक्का ठेवा. साठेखताची नोंदणी लवकर करा. विक्रेता फिरला तर काय भरपाई द्यायची, घेणारा फिरला तर काय, दोन्ही आधीच लिहून घ्या. घरातील सर्व हिस्सेदारांच्या सह्या घ्या.

७. विकणाऱ्या बांधवांना विनंती

आपल्यापैकी कित्येक जण घर किंवा जमीन विकणार आहेत. त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे : शब्द देण्याआधी हवा तेवढा वेळ घ्या. बायकोला, बहिणींना, मुलांना विचारा. भाव काढा. पण एकदा "तुम्हाला दिले" म्हटले की तो शब्द प्रभूच्या समोर दिला आहे असे समजा. खरोखरच अडचण आली तर त्याच दिवशी स्वतः जाऊन सांगा, खोटे कारण देऊ नका आणि झालेला खर्च न मागता द्या. पापनिवेदनात "मी शब्द मोडला" म्हणणे चांगले आहे. पण जक्कय केवळ पश्चात्ताप करून थांबला नाही, त्याने परतफेडही केली (लूक १९).

त्या जोडप्याचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. पती आधी एकटा त्या विक्रेत्याला भेटायला गेला. दार उघडले गेले, पण बोलणे झाले नाही. मग धर्मग्रामातील दोन वडीलधारी माणसे बरोबर गेली. तिसऱ्या बैठकीत विक्रेत्याने टोकन, बँकेची फी आणि वकिलाची फी दिली आणि म्हणाला, "मुलाने आग्रह धरला, मीही मोहात पडलो. माझे चुकले." घर मात्र तोवर दुसऱ्याच्या नावावर झाले होते. बांगड्याही परत आल्या नाहीत. ते जोडपे अजून भाड्याच्या घरातच आहे आणि शोध चालू आहे. दोन्ही कुटुंबांची मैत्री झाली, असे मी म्हणणार नाही. पण शांतीच्या अभिवादनाच्या वेळी त्यांना आता एकमेकांकडे पाठ फिरवावी लागत नाही.

त्या बाईंना मी परवा विचारले की आता कसे वाटते. त्या म्हणाल्या, "फादर, तसबिरीसाठी या भाड्याच्या घरातच खिळा ठोकला. मालकांची परवानगी घेऊन."

चिंतनासाठी प्रश्न (लहान ख्रिस्ती समूहाच्या सभेत चर्चा करावी)

१. मी दिलेला एखादा शब्द अद्याप पाळायचा राहिला आहे काय?
२. माझ्या शब्द फिरवण्याने कोणाचे नुकसान झाले असेल तर त्याची भरपाई मी कशी करू शकतो?
३. ज्याने मला दगा दिला त्याच्याशी मी स्वतः बोललो आहे की केवळ त्याच्याविषयी बोललो आहे?
४. आपल्या समूहात घर शोधणारे कोणते कुटुंब आहे? कागद तपासायला, मध्यस्थी करायला आपण त्यांना काय मदत करू?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तुला स्वतःचे घर नव्हते, तरी तू आमच्या घरात राहायला येतोस. ज्यांचे ठरलेले घर हातातून गेले त्यांना धीर दे. ज्यांनी शब्द मोडला त्यांना परत फिरण्याचे आणि भरपाई करण्याचे बळ दे. आमचे होय हे होय असू दे. आमच्या कागदांत सचोटी आणि आमच्या मनांत क्षमा असू दे. आणि भाड्याचे असो वा मालकीचे, आमचे प्रत्येक घर तुझ्या शांतीने भरू दे. आमेन.

– तुमचे धर्मगुरू